रामबागेतलं घर: विक्रीसाठी काढलेल्या फोटोंच्या कामाच्या नोंदी

३ डिसेंबर

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराचे, विक्रीच्या जाहिरातीसाठी, फोटो काढायचं काम घेतलं. रस्त्याला ओटला, आत चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना ओसरी, त्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, वर माडी, तिच्यावर अर्धी कवेलूंची (कौलांची) उतरण आणि अर्धी सपाट गच्ची. बांधकाम १९३०च्या दशकातलं. आजी एकट्या राहतात. मुलगा पुण्याला, मुलगी भोपाळला. गुडघ्यांमुळे माडीवर जाणं बंद झालंय, म्हणून घर विकून पुण्याला जायचं ठरलं आहे. भांडण नाही, घाई नाही.

घराची जाहिरात गेल्या वर्षापासून आहे. तिच्यातले फोटो पाहिले. एक समोरून, स्कूटरींच्या रांगेमागून. एक फ्लॅश मारून काढलेली अंधारी खोली, तिच्यात गाद्यांची चळत. खाली मजकूर: प्लॉटचं माप, गल्लीची रुंदी आणि ‘तोडून बांधायला उत्तम’. आतापर्यंत आलेले बहुतेक सगळे बिल्डर. आजी म्हणाल्या, "चौकात उभे राहतात, पावलांनी रुंदी मोजतात नि निघतात. एकानंही मान वर करून बघितलं नाही गं."

मला ते नवल वाटलं नाही. या जाहिरातीत घर दिसतच नाही, फक्त जमीन दिसते. मग जमीन घेणाराच येणार. घरात राहायला कुणी यावं असं आजींना वाटत असेल, तर राहणाऱ्याला जे बघायचं असतं ते आधी फोटोत आलं पाहिजे: उजेड कुठून येतो, एका खोलीतून दुसरीत कसं जातात, स्वयंपाक करणाऱ्या माणसाची पाठ कुणीकडे असते.

संध्याकाळी पुण्याहून काकांचा, म्हणजे आजींच्या मुलाचा, फोन. "ताई, चांगल्या फोटोंनी भाव किती वाढेल?" भावाचं मी काहीच सांगू शकत नाही, बघायला येणारी माणसं बदलतील एवढंच सांगू शकते, असं म्हटलं. त्यावर काम नक्की झालं.

५ डिसेंबर

कॅमेरा पिशवीतच ठेवला. सकाळी आठपासून ऊन मावळेपर्यंत घरातच बसून उजेडाची वही भरली. कुठलंही घर असो, पहिला पूर्ण दिवस मी यालाच देते. आजींनी पोहे केले होते, वर शेव आणि जीरावन, पोह्यांवरचा इंदुरी मसाला.

घराचं तोंड पूर्वेला, पण समोर तीन मजली इमारत आणि गल्ली अरुंद. दर्शनी भिंतीवर ऊन येतं ते साडेनऊनंतर, तेही वरून खाली सरकत. दहाच्या पुढे दरवाजाच्या चौकटीवरची कोरीव पट्टी तिरप्या उन्हात उठून दिसते. अकरापर्यंत ऊन भिंतीला इतकं घासून यायला लागतं की कोरीव काम लांब सावल्यांत बुडतं. समोरून फोटो घ्यायचा तर हाच तासभर.

चौकाचं गणित जास्त महत्त्वाचं. इंदूर साधारण २२.७ अक्षांशावर आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं, म्हणजे आपण त्याच्या दक्षिणेला. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला इथे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा या चौकाची फरशी उन्हात न्हाते. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांच्या आसपासच असतो. चौक दक्षिणोत्तर ११ फूट, भिंती सुमारे १९ फूट उंच. ४४ अंशांवरून येणारं ऊन ११ फूट आडवं गेलं की साडेदहा फूट खाली उतरतं. म्हणजे ते उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या निम्म्या भागावर थांबतं, जमिनीला लागतच नाही.

काकांना हे फोनवर सांगितलं तर ते काळजीत पडले. "मग उन्हाळ्यात फोटो काढायचे का?" मला उलट डिसेंबर आवडतो. उत्तरेची ती भिंत चुन्याने पांढरी आहे. सव्वाबारा ते एकच्या दरम्यान तिच्यावर पडलेलं ऊन परतून दक्षिणेच्या ओसरीत आणि तिच्यामागच्या माजघरात येतं. त्या वेळी माजघरात दिवा न लावता पेपर वाचता येतो, मी वाचला. उजेड मऊ असतो, सावल्यांना कडा नसतात, खांबांचं लाकूड लाकडासारखं दिसतं. एप्रिलच्या दुपारी हाच चौक पांढराफटक पडेल आणि ओसरी काळी.

यावरून एक ठरवून टाकलं: प्रत्येक फोटोखाली महिना आणि वेळ लिहायची. हिवाळ्यातल्या दुपारी घर कसं असतं ते घेणाऱ्याला कळेल, आणि उन्हाळ्याचं तो विचारेल.

६ डिसेंबर

मापं घेतली. लेझरचं यंत्र आणि सोबत मावसभाऊ, पट्टी धरायला. नकाशा काढणार आहे. नगर निगमच्या कागदांसारखा नको, कोणत्या खोलीतून कुठे जाता येतं आणि कोणती खिडकी कोणत्या दिशेला उघडते एवढं सांगणारा पुरे.

९ डिसेंबर

आवराआवर. सोफा, पडदे, कृत्रिम फुलं भाड्याने आणून घर सजवायची हल्ली पद्धत आहे. रिकाम्या फ्लॅटला त्याचा उपयोग होतो, कारण रिकाम्या खोलीत आकार कळत नाही. इथे काही आणायची गरज नाही, फक्त काढायची आहे.

काढलं: कॅलेंडरं, पाण्याचे निळे ड्रम, कूलर, खुंट्यांवरचे कपडे, फ्रिजवरची चिकटपत्रं, औषधांचा डबा, जमिनीवरून धावणाऱ्या वायरी. गाद्यांची चळत सगळ्यात मागच्या खोलीत. कुटुंबाचे फोटो, दरवाजावरची नावाची पाटी आणि पत्र्याची पेटीही काढली. हे सजावटीसाठी नव्हतं, सुरक्षिततेसाठी होतं. घरात एकटी म्हातारी बाई राहते आणि तिची तिजोरी कुठल्या कोपऱ्यात आहे, हे जाहिरातीतून गावाला कळता कामा नये. त्याच कारणाने फोटोंच्या फाइलमधली जागेची नोंदही देण्याआधी पुसते.

ठेवलं: झोपाळा, पितळेचा बंब, स्वयंपाकघरातली डब्यांची फळी, ओसरीतलं लाकडी बाक. बाक ठेवला म्हणून ओसरीची खोली कळते. माणूस बसला तर पाय पुढे घ्यायला किती जागा उरते ते दिसतं.

देवघराचं आजींना विचारलं. भिंतीतला कोनाडा आहे, सागवानी दारांचा, आणि फार सुरेख आहे. आजी जरा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "देव माझ्याबरोबर येणार. कोनाडा इथंच राहणार. दारं लावून घे फोटो." तसाच घेणार. घर घेणाऱ्यालाही तेच कळायला हवं, की भिंतीतला कोनाडा त्याचा.

११ डिसेंबर

लेन्सची चाचणी. काकांनी कुणाचे तरी फ्लॅटचे फोटो पाठवले होते, "अशा मोठ्या खोल्या दिसल्या पाहिजेत" म्हणून. ते मोबाइलच्या ०.५वर, म्हणजे सर्वांत रुंद लेन्सवर, काढलेले होते, हे कडेला लांबलेल्या कपाटावरून लगेच कळतं.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिमी लेन्स आडवी सुमारे ९७ अंश बघते, २४ मिमी सुमारे ७४. मोबाइलचं ०.५ बहुतेक १३ मिमीच्या आसपासचं काम करतं, म्हणजे त्याहूनही रुंद. रुंद लेन्समध्ये जवळचं फुगतं, लांबचं आणखी लांब पळतं. दहा फुटांची खोली सोळा फुटांची वाटते. मग बघायला आलेला माणूस दारातच थबकतो: फोटोत तर मोठी होती! तिथून पुढे तो घर बघत नाही, आणखी काय फसवलंय ते शोधत फिरतो.

माजघरात १६ आणि २४ दोन्हींनी एकाच जागेवरून फोटो घेतले आणि लॅपटॉपवर शेजारी लावून आजींना दाखवले. त्यांनी २४वर बोट ठेवलं. "हे आपलं घर." १६च्या फोटोत खालच्या कोपऱ्यातली नक्षीची फरशी चौकोनी राहिली नव्हती, पतंगासारखी ताणली होती.

या फरशीनेच एक युक्ती सुचवली. जुनी सिमेंटची नक्षीची फरशी आहे, प्रत्येक ८ इंच चौरस. माजघरात रुंदीला अठरा फरशा बसतात, म्हणजे १४४ इंच, बरोब्बर १२ फूट. लांबीला पंधरा, म्हणजे १० फूट. कॅमेरा असा लावायचा की एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतची एक पूर्ण ओळ फोटोत मोजता येईल, आणि खाली लिहायचं: एक फरशी ८ इंच. घेणाऱ्याला माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, त्याने मोजावं. सतरंज्या गुंडाळून ठेवल्या.

१३ डिसेंबर

खालचा मजला सुरू. कॅमेरा तिपाईवर, जमिनीपासून ४ फुटांवर, पाणसळ बघून सरळ. उभ्या रेषा उभ्याच हव्यात. कॅमेरा जरा वर झुकला की खांब आत कलतात आणि नव्वद वर्षांचं घर पडायला आल्यासारखं दिसतं. जुन्या घरांवर हा अन्याय फार होतो. ओसरीचे खांब आज ओळंब्यातच आहेत, सुतळीला वजन बांधून मी तपासलं. फोटोतही ते तसेच दिसले पाहिजेत.

एफ/८ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ १०० (संवेदनक्षमता कमी), फ्लॅश नाही. शटर लांब लागलं तरी चालतं, खोली हलत नाही. दिवसाचे सगळे दिवे बंद. लोकांना वाटतं दिवे लावले की खोली उजळ दिसेल. पण खिडकीतून येणारा उजेड ५५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा, पिवळा बल्ब २७००चा, पांढरी ट्यूब ६५००ची. तिन्ही एकत्र आले की एकच भिंत एकीकडे निळी, मध्ये पिवळी आणि तिकडे हिरवट होते, आणि मग भिंतीचा खरा रंग कुणालाच सांगता येत नाही. एक उजेड निवडायचा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहायचं.

दक्षिणेची ओसरी साडेबाराला, वहीत लिहिल्याप्रमाणे. तिथे मी काहीच केलं नाही, उजेडाने केलं.

इथे लाला दीनदयाळांची आठवण होते. भारतातल्या इमारतींचे इतके उत्तम फोटो काढणारा हा माणूस १८६६मध्ये इंदूरला नोकरीला आला, तो फोटोग्राफर म्हणून नव्हे. रुडकीला शिकून सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारा म्हणून. कॅमेरा पुढे हातात आला. तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आश्रय मिळाला. १८८२मध्ये मध्य भारतातले ब्रिटिश प्रतिनिधी लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातली स्मारकं टिपत ते फिरले. मोठाल्या काचेच्या प्लेटी घेऊन. त्यांचे फोटो बघताना मला कायम जाणवतं, की इमारत कशावर उभी आहे ते या माणसाला माहीत आहे. घर विकायचे फोटो आणि राजवाड्याचे फोटो यांत अंतर असेल, पण इमारतीला ताठ उभं करायचं काम दोन्हीकडे तेच.

१४ डिसेंबर

स्वयंपाकघर. कॅमेरा ओट्याच्या कडेपेक्षा वीतभर वर. त्याहून उंच घेतला की फक्त ओट्याचा दगड दिसतो, खालची कपाटं गायब होतात. इथे खिडकी थेट समोर, बाहेर लख्ख उजेड आणि आत अंधार. एकाच फोटोत दोन्ही बसत नाही, म्हणून एकाच जागेवरून पाच फोटो, प्रत्येकात दोन स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नंतर हाताने जोडणार. आपोआप जोडणाऱ्या सोयीमुळे खिडकीभोवती राखाडी वलय येतं आणि सगळी भिंत मळकट होते.

स्वयंपाकघरातून चौक दिसतो, आणि चौकातून रस्त्याचं दार. आजींनी सहज सांगितलं, "पोळ्या लाटता लाटता कोण आलं ते दिसायचं मला." हा फोटो नव्हता ठरवलेला. त्या जिथे उभ्या राहायच्या तिथे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा लावला आणि घेतला. माझ्या मते अख्ख्या संचात हाच सर्वांत उपयोगाचा आहे. खोल्या किती हे कुणीही सांगेल. घरात उभं राहून काय दिसतं ते जाहिरातीत कुणी सांगत नाही.

१७ डिसेंबर

माडी, आणि ओलीची भिंत.

माडीवरच्या पश्चिमेच्या खोलीत एका कोपऱ्यात ओल आहे. शेजारच्या गच्चीचा पावसाळी पाइप याच भिंतीवर सांडतो. पोपडे धरलेत, साधारण चार फूट उंचीपर्यंत. काकांचं म्हणणं, "रंग मारून घेऊ आधी, मग फोटो काढ."

मी नाही म्हटलं, आणि का ते नीट सांगितलं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५मध्ये विकणाऱ्याचं कर्तव्य लिहिलेलं आहे: मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळणार नाही, तो त्याने सांगायला हवा. आज ती ओल कुणालाही दिसते. रंग मारला की ती दिसणार नाही, पण काकांना माहीत असेल. म्हणजे जो दोष आज उघडा आहे, तो रंगाच्या एका हाताने झाकलेला दोष होईल. कायदा बाजूला ठेवला तरी पहिल्या पावसात पोपडे परत येणार, आणि पुण्याला फोन जाणार.

काका थोडे नाराज होते. आजींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "जे आहे ते दाखव."

दाखवलं. बाजूने येणाऱ्या उजेडात घेतला, पोपडे स्पष्ट. शेजारी फूटपट्टी उभी धरली. दुसरा फोटो बाहेरून, पाइपचं तोंड आणि भिंत एकाच चौकटीत, म्हणजे कारण कळेल. दुरुस्ती भिंतीत कमी आणि पाइप वळवण्यात जास्त आहे, हे मिस्त्रीला त्या फोटोवरून समजावं.

१८ डिसेंबर

ड्रोनचा विषय दलालांनी काढला होता. इथून विमानतळ सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आत आहे. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे हा भाग पिवळ्या क्षेत्रात येतो, आणि तिथे उडवायला हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. गच्चीवरून जे दिसतं तेच घेणाऱ्याला आयुष्यभर दिसणार आहे, त्यामुळे मला ड्रोनची गरजही वाटली नाही. गच्चीवरून चारी दिशांना चार फोटो घेतले. शेजारची काळी टाकी आहे तशी.

संध्याकाळी दर्शनी बाजू, कारण दिवसा तिथल्या वायरींचं जाळं डोळ्यांत येतं. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळला. त्यानंतर वीसेक मिनिटांनी आकाशाचा निळा उजेड आणि घरातल्या दिव्यांचा उजेड समान होतो. सगळीकडे एकाच रंगाचे, पिवळसर बल्ब आधीच लावून ठेवले होते. गल्लीतल्या सगळ्यांनी स्कूटर पुढे नेऊन लावल्या; मावसभावाने दुपारीच घरोघर जाऊन विनंती केली होती. फोटो छान झाला. तरी सकाळी दहाचाही घेतला, कचरागाडी जाऊन गल्ली स्वच्छ झाल्यावर. संध्याकाळच्या फोटोला भुलून आलेल्या माणसाला दिवसाचं दारही ठाऊक हवं.

२२ डिसेंबर

संगणकावरचं काम. माझा नियम साधा आहे: जे हाताने उचलून बाजूला ठेवता आलं असतं, तेच संगणकावर काढायचं. ओसरीत उडून आलेलं पान काढलं. विजेचा खांब काढला नाही, तो उचलता येत नाही. आकाश बदललं नाही. गवत हिरवं केलं नाही, कारण गवतच नाही.

२४ डिसेंबर

दलाल येऊन फोटो बघून गेले. याच गल्लीत लहानाचे मोठे झालेले, स्वभावाने चांगले, पण घाईचे.

"ताई, खांब उडवा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"दादा, माणूस रिक्षातून उतरेल आणि पहिला तो खांबच बघेल. मग तुम्ही काय सांगाल?"

ते हसले, पण सोडलं नाही. ओलीच्या फोटोवर जास्त वेळ अडले. "हा टाकला तर कोण येईल?" ज्याला ओल चालते तो येईल, असं मी म्हटलं. ज्याला चालत नाही तो घरी बसूनच नाही म्हणेल, तुमची एक खेप वाचेल आणि आजींचा चहाही. त्यांना खेपेचा मुद्दा पटला. दिवसभर लोकांना घरं दाखवत फिरणाऱ्या माणसाला वेळेची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

पहिला फोटो कोणता, यावर मतभेद राहिला. त्यांना दर्शनी बाजू हवी, मला चौक. शेवटी दोन्ही फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढे करून बघितले, कारण यादी चाळणाऱ्याला एवढेच दिसतात. दर्शनी बाजू म्हणजे वायरी आणि एक अंधुक दार. चौक तेवढ्या आकारातही कळला: चार खांब, पांढरी भिंत, वरून उजेड. चौक ठरला.

२८ डिसेंबर

क्रम आणि मजकूर. सुरुवातीला ठरलेला चौकाचा फोटो, आणि त्यानंतर माणूस जसा आत शिरेल तसाच क्रम लावला: गल्ली, ओटला, दार, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, जिना, माडी, ओलीची भिंत, गच्ची. प्रत्येक पुढच्या फोटोत मागच्यातलं काहीतरी दिसतं, एखादा खांब नाहीतर दाराची चौकट. त्यामुळे बघणारा हरवत नाही. नकाशावर प्रत्येक फोटोचा आकडा आणि कॅमेरा कुठे, कुठल्या तोंडाने उभा होता त्याचा बाण.

जिन्याचा फोटो घालावा की नाही, यावर बराच विचार केला. जिना उभा आणि अरुंद आहे, पायरी ९ इंचांची. आजी ज्या कारणाने घर सोडत आहेत ते कारणच हे. घातला, पायरीची उंची लिहून. घरात म्हातारं माणूस असलेल्या कुटुंबाला ही गोष्ट आधी कळली पाहिजे.

जाहिरातीतून ‘तोडून बांधायला उत्तम’ काढलं. त्याजागी खोल्यांची मापं, दिशा, फरशीचं माप, ओलीचं कारण.

३ जानेवारी

जाहिरात लागली. दलालांना सांगितलं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि फरशीच्या रेषाच पुसट होतात.

१२ जानेवारी

दलालांचा फोन. चौकश्या आधीपेक्षा फार वाढल्या असं नाही, पण प्रश्न बदललेत. आधी विचारायचे: किती एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते) मिळेल, मागची भिंत सामाईक आहे का. आता विचारतात: चौकात उन्हाळ्यात किती ऊन येतं, माडीवर पाणी चढतं का, कवेलू शेवटचे कधी फिरवले. एका बाईंनी फोनवरच विचारलं, "माजघर अठरा फरशांचं, म्हणजे बारा फूट ना? आमचं कपाट सात फुटांचं आहे, दाराच्या डाव्या अंगाला बसेल?" बसेल. त्या बाजूला दारापासून कोपऱ्यापर्यंत बारा फरशा, म्हणजे आठ फूट.

बिल्डरही येतात. त्यांना येऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही.

१९ जानेवारी

कपाटवाल्या बाई कुटुंबासह घर बघून गेल्या. येताना मिस्त्रीला घेऊनच आल्या आणि आधी थेट माडीवर, ओलीच्या भिंतीकडे. मिस्त्रीने पाइप बघितला, शेजाऱ्यांशी बोलला, खर्चाचा अंदाज सांगितला. मगच ती मंडळी खाली येऊन बाकावर टेकली. आजी सांगत होत्या, की खोल्या कुठे आहेत हे दाखवावंच लागलं नाही, मुलगी आपणहून पुढे चालत होती.

२ फेब्रुवारी

बयाना (विसार) झाला, त्याच कुटुंबाशी. एका बिल्डरचा आकडा याहून वरचा होता आणि काकांचा कल तिकडे होता. मायलेकांचं दोन दिवस बोलणं चाललं. आजींनी ठरवलं. हा निर्णय त्यांचा, आणि तो कोणत्याही बाजूने गेला असता तरी फोटोंचं काम तेच राहिलं असतं: दोन्ही प्रकारची माणसं त्यांच्या दारात आली आणि निवडायला मिळालं.

आता आवरायचं काम. दलालांना हे फोटो ‘नमुना’ म्हणून इतर जाहिरातींत वापरायचे आहेत. मी त्यांना आजींकडे पाठवलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणे, पैसे देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. आमच्यात वेगळा करार नाही, म्हणजे फोटो आजींचे. मलाही माझ्या कामाच्या संचात चौकाचा एक फोटो ठेवायचा होता, तो त्यांना विचारून ठेवला. आतल्या खोल्यांचा एकही ठेवला नाही. रजिस्ट्रीनंतर तिथे दुसरं कुटुंब राहील, आणि त्यांच्या जिन्याचा, माजघराचा नकाशा जगाला उघडा असायचं कारण नाही. जाहिरात उतरवायला दलालांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत ती सगळीकडून उतरली.

नव्या घरमालकिणींनी एक मागणी केली: नकाशा आणि पाइपचे दोन्ही फोटो मिस्त्रीसाठी हवेत, पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे. आजींची हो घेतली आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवले.